मागच्याला सांगायची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गाडीला पुढे दिवा असतो तो आपल्याला रस्ता दिसावा म्हणून. मागे दिवा असतो तो आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून. पुढचा दिवा बिघडला की ताबडतोब कळते, कारण अडचण आपली असते. मागचा दिवा गेला तर महिनोन् महिने पत्ता लागत नाही. त्याची गरज मागून येणाऱ्याला असते, आणि तो काही गाडी आडवी घालून 'अहो, तुमचा दिवा गेलाय' असे सांगायला थांबत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी बरीच वर्षे मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला. गाडी दुरुस्तीला आणणारा माणूस हॉर्न, हेडलाइट, ॲव्हरेज या सगळ्यांबद्दल तक्रार करी. 'मागचा दिवा पाहा' असे आपणहून सांगणारा क्वचितच भेटे.

आज मला याच दिव्याचा, आणि त्यातही ब्रेक दाबल्यावर उजळणाऱ्या लाल दिव्याचा इतिहास सांगायचा आहे. विषय किरकोळ वाटेल. पण २०२२ साली आपल्या देशात रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, हा सरकारी आकडा समोर ठेवला की तो तितकासा किरकोळ राहत नाही. त्याच वर्षीच्या नोंदींनुसार साधारण पाचांतला एक अपघात मागून धडक बसल्याचा होता. म्हणजे मागच्याला वेळेवर काहीतरी कळायला हवे होते, ते कळले नाही.

काय कळायला हवे होते? मागचा दिवा दोन वाक्ये बोलतो. पहिले, 'मी इथे आहे.' दुसरे, 'मी थांबतो आहे.' पहिले वाक्य रात्रभर चालू असते. दुसरे क्षणात सुरू होते आणि मागच्याने तेही क्षणातच ओळखावे लागते. ब्रेकलाइटचा शंभरेक वर्षांचा इतिहास म्हणजे ही दोन वाक्ये एकमेकांपासून वेगळी ऐकू यावीत यासाठी केलेला खटाटोप आहे.

सुरुवातीला हे दुसरे वाक्य हाताने बोलले जाई. आपल्याकडे १९८९ साली निघालेल्या रस्त्याच्या नियमांतसुद्धा हातांच्या खुणा सविस्तर दिलेल्या होत्या. वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर काढून, तळवा जमिनीकडे ठेवून, वरखाली हलवायचा. थांबायचे असेल तर उजवा हात कोपरात वाकवून सरळ उभा धरायचा. ज्यांनी जुन्या काळी लायसन्स काढले त्यांना साहेबासमोर केलेली ही कवायत आठवत असेल. ट्रकवाल्यांनी यात आपली भर घातली होती. डाव्या बाजूच्या खुणा क्लीनर करी, आणि हाताची खूण पुरली नाही तर दारावर थाप मारून काम भागवी.

मोटारीत हे जमत होते, कारण ब्रेक पायाशी होता आणि हात मोकळा करता येत होता. आता हेच दुचाकीवर करून पाहा. स्कूटर असो वा मोटारसायकल, उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर आणि उजव्याच हाताशी पुढचा ब्रेक. म्हणजे 'मी थांबतो आहे' हे सांगायला जो हात उचलायचा, तोच हात थांबण्यासाठी लागतो. वर्गात एखादा तरी चौकस मुलगा विचारायचाच, 'सर, मग आधी थांबायचं की आधी सांगायचं?' प्रश्न अगदी रास्त होता. सांगण्याचे काम हातावर सोपवून चालणार नव्हते. ते ब्रेकनेच करायला हवे होते, ब्रेक लावण्याच्या क्षणी आणि चालकाच्या लक्षात असो वा नसो.

ही कल्पना फार लवकर सुचली होती. मूकपटांच्या जमान्यातली फ्लॉरेन्स लॉरेन्स ही अभिनेत्री अमेरिकेतली पहिली 'फिल्म स्टार' म्हणून ओळखली जाते. बाईंना मोटारी चालवण्याचा आणि त्यांत खटपटी करण्याचा भारी नाद. १९१४ च्या सुमारास त्यांनी आपल्या गाडीसाठी एक युक्ती केली होती असे सांगतात. ब्रेकचा पाय दाबला की गाडीच्या मागे 'थांबा' असे लिहिलेली पाटी वर उठायची. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे पाटीची जागा विजेच्या दिव्याने घेतली. पण या युक्तीचा गाभा आजही तोच आहे: सांगणे आणि थांबणे ही दोन कामे एकाच दाबाने व्हावीत.

दुचाकीवर हे काम कसे चालते तेही पाहू. जुन्या स्कूटर-मोटारसायकलींत पायाच्या ब्रेकला एक बारीक स्प्रिंग जोडलेली असे. पाय दाबला की स्प्रिंग ताणली जाऊन खटका ओढला जाई आणि दिवा लागे. पुष्कळ जुन्या मॉडेलांत असा खटका फक्त मागच्या ब्रेकला होता. चालकाने नुसता हाताचा, म्हणजे पुढचा ब्रेक वापरला तर गाडी थांबे, पण दिवा मात्र गप्प. पावसाळ्यात चिखलपाण्याने ती स्प्रिंग गंजे. कधी ती तुटे, म्हणजे दिवा लागतच नसे. कधी खटका अडकून बसे, म्हणजे दिवा सतत जळत राही. हे दुसरे तर अधिक वाईट. जो दिवा नेहमीच 'थांबतो आहे' म्हणतो, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

दुसरी गोष्ट बल्बची. बहुतेक गाड्यांत मागे एकच बल्ब असे आणि त्याच्या पोटात दोन तारा: एक ५ वॉटची, एक २१ वॉटची. रात्री टेललाइट म्हणून ५ वॉटची तार जळते. ब्रेक दाबला की २१ वॉटची तार पेटते. म्हणजे दोन्ही वाक्ये त्याच जागेवरून, त्याच लाल काचेतून, त्याच रंगात. फरक काय तो आवाजाच्या चढउताराचा. ज्याची नजर आधीपासून त्या दिव्यावर आहे त्याला तो चढला हे कळते. पण जो आरशात पाहत होता, किंवा बाजूच्या रिक्षाकडे बघत होता, त्याची नजर पुन्हा समोर येते तेव्हा त्याला नुसता एक लाल दिवा दिसतो. तो ५ चा की २१ चा, हे त्याने कशावरून ठरवायचे? त्यात काच धुळीने माखलेली असली तर प्रश्नच मिटला.

आमच्या संस्थेत फिटरचा वर्ग घेणारे एक सहकारी रोज संध्याकाळी स्कूटरने घरी जात. एकदा पुढे म्हैस आडवी आली म्हणून त्यांनी ब्रेक लावला आणि मागून टेम्पोने ठोकले. जीव वाचला, पण डाव्या पायातली लचक कायमची राहिली. त्या टेम्पोचा चालक दवाखान्यात येऊन बसला होता. तरुण पोरगा, पार हादरलेला. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, 'दिवा दिसत होता हो. पण ते थांबतायत हे नाही कळलं.' आम्ही नंतर स्कूटर तपासली. दिवा शाबूत होता, खटकाही चालत होता. पहिले वाक्य त्या पोराला ऐकू आले होते. दुसरे त्या पहिल्यातच बुडाले होते.

नेमक्या याच अडचणीवर अमेरिकेत एका मानसशास्त्रज्ञाने हात घातला. गृहस्थांचे नाव जॉन व्होएवोडस्की. मोटारींची रचना हा इंजिनिअरांचा प्रांत, पण 'मागच्या माणसाच्या लक्षात केव्हा येते' हा प्रश्न मनाचा आहे, हे त्यांनी ओळखले. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या ३४३ टॅक्सींना त्यांनी नेहमीच्या दोन दिव्यांखेरीज मागच्या बाजूला मध्यभागी एक तिसरा दिवा लावला. १६० टॅक्सी तुलनेसाठी तशाच ठेवल्या. हा दिवा पिवळसर होता आणि लुकलुकणारा होता. गाडीचा वेग जितक्या झपाट्याने उतरेल, तितका तो भराभर लुकलुके. म्हणजे नुसते 'थांबतो आहे' एवढेच नव्हे, तर 'किती जोरात थांबतो आहे' हेही तो सांगे. सुमारे दहा महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा जादा दिवा असलेल्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ६०.६ टक्क्यांनी कमी भरले. १९७४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

एका दिव्याने निम्म्याहून जास्त धडका टळतात, यावर सहजासहजी विश्वास बसणे कठीण. म्हणून अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने पुन्हा चाचण्या घेतल्या. आधी वॉशिंग्टनच्या टॅक्सींवर, मग टेलिफोन कंपन्यांच्या गाड्यांवर. पुढे विमा कंपन्यांच्या संस्थेने न्यूयॉर्कच्या टॅक्सींवरही प्रयोग केला. या चाचण्यांत दिवा लुकलुकणारा नव्हता. साधा, स्थिर, लाल, पण उंचावर आणि मध्यभागी लावलेला होता. तरीही तिन्हीकडे ज्या धडका टळू शकत होत्या त्या निम्म्याहून थोड्या अधिक प्रमाणात कमी झाल्या. एलिझाबेथ डोल तेव्हा अमेरिकेच्या वाहतूकमंत्री होत्या. १९८३ मध्ये त्यांच्या खात्याने नियम केला आणि १९८६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीला हा तिसरा दिवा सक्तीचा झाला. लोकांनी त्याला बाईंचेच नाव देऊन टाकले. आज आपल्याकडच्या मोटारींतही मागच्या काचेत जो दिवा दिसतो, तो या कुळातला.

या दिव्यात असे काय होते? प्रखरपणा नव्हता. त्याची करामत दोन साध्या गोष्टींत होती. एक म्हणजे तो मागच्या चालकाच्या डोळ्यांच्या पातळीवर होता. रांगेतल्या मधल्या मोटारीच्या काचांमधून आरपार तिच्याही पुढच्या गाडीचा दिवा दिसे आणि चालकाला एक गाडी आधीच सुगावा लागे. दुसरे म्हणजे तो एरवी अंधारा असे. टेललाइटचे काम त्याच्याकडे नव्हतेच. तो पेटला म्हणजे ब्रेक लागला, दुसरा अर्थ नाही. ५ वॉट की २१ वॉट असा निवाडा करायला नको.

आता या कथेचा पुढचा भाग. जाहिरातीत तो सहसा कोणी सांगत नाही. १९९८ साली त्याच अमेरिकी खात्याने लाखो गाड्यांच्या नोंदी तपासून दीर्घकाळचा हिशेब प्रसिद्ध केला. १९८७ मध्ये या दिव्याने मागून बसणाऱ्या धडका ८.५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. पुढे तो लाभ उतरत गेला आणि १९८९ ते १९९५ या काळात ४.३ टक्क्यांवर येऊन स्थिरावला. कुठे पन्नास-साठ टक्के आणि कुठे सव्वाचार! कारण उघड आहे. प्रयोगाच्या वेळी तो दिवा नवलाचा होता. हजार गाड्यांत एखादीला तो दिसे आणि माणूस आपोआप सावध होई. सगळ्यांनाच तो लागल्यावर नवल संपले. डोळ्याला सवय झाली.

मग प्रयोग फसला का? मला तसे वाटत नाही. नवलाईचा पापुद्रा गळून पडल्यावर उरले ते खरे. ४.३ टक्के हा आकडा लहान दिसतो, पण तो देशभरच्या रस्त्यांवर, वर्षानुवर्षे, दर दिवशी लागू होतो. दिव्याचा खर्च काही डॉलरचा, आणि तोही एकदाच. त्या खात्याने हिशेब करून हा सौदा फायद्याचाच ठरवला. आपण मात्र यातून दोन धडे वेगळे काढून ठेवायला हवेत. वेगळी जागा आणि एकच अर्थ, यांचा लाभ टिकतो. डोळे दिपवण्याचा लाभ ओसरतो.

हे दोन धडे घेऊन आता दुचाकीकडे येऊ. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये प्रा. हॅरी हर्ट यांच्या पथकाचा मोटारसायकल अपघातांवरचा मोठा अहवाल आला. सुमारे ९०० अपघात त्यांनी जागेवर जाऊन तपासले होते. इतर वाहनांशी झालेल्या टकरींत बहुतेक वेळा दुसऱ्या चालकाला मोटारसायकल दिसलीच नव्हती किंवा उशिरा दिसली होती, हे त्यातले ठळक निदान. पण तिथे धोका मुख्यतः समोरून होता; मागून धडक बसल्याचे प्रसंग फार थोडे. म्हणून जगभर भर राहिला तो दिवसाही हेडलाइट चालू ठेवण्यावर. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तो याच विचारातून. सुरुवातीला किती जणांनी हात करकरून 'दिवा चालू आहे, दिवा चालू आहे' असे समोरच्याला सांगितले, ते आठवत असेल!

मात्र अमेरिकेचा रस्ता आणि आपला रस्ता एक नव्हे. आपल्याकडे एकाच पट्ट्यात ट्रॅक्टर, बैलगाडी, एसटी, रिक्षा आणि मोपेड एकमेकांमागून जातात आणि प्रत्येकाचा थांबण्याचा वेग निराळा. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे जोडब्रेक सक्तीचे झाले. चालकाच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. पण हलकी मोटारसायकल चटकन थांबते आणि तिच्या मागे असलेला भरलेला ट्रक थांबू शकत नाही. पुढच्याचे ब्रेक जितके सुधारतील, तितके मागच्याला लवकर सांगणे भाग आहे.

शिवाय एकुलत्या दिव्याची एक खास अडचण आहे. रात्री मोटारीमागून जाताना तिचे दोन लाल दिवे आपल्याला दिसतात. अंतर कमी होऊ लागले की ते दोन दिवे एकमेकांपासून लांब सरकताना दिसतात, आणि आपण गाडीजवळ येत आहोत हे डोळ्यांना न शिकवता कळते. दुचाकीचा दिवा एकच. अंधारात तो एक ठिपका. ठिपका जवळ आला तरी बराच वेळ ठिपकाच राहतो. दूरच्या मोटारीचा एक फुटका दिवा आणि जवळच्या स्कूटरचा धडका दिवा यांत फरक करणे रात्री कठीण जाते.

म्हणूनच मोटारसायकलवाल्यांना पदरचा जादा ब्रेकलाइट लावण्याची बुद्धी झाली, ती मला योग्य वाटते. ही हौस जुनीच आहे. मागे सामानाची पेटी बसवली की तिच्यावर एक लाल दिवा, कॅरिअरच्या टेकूला एक दिवा, असे प्रकार वायरमन लोक पूर्वीपासून करून देत. पण २१ वॉटचा आणखी एक बल्ब लावला की त्या इवल्याशा खटक्यावर आणि बॅटरीवर भार पडे. एलईडी आल्यापासून ती अडचण संपली. थोड्या वॉटमध्ये पुरेसा उजेड मिळू लागला. एलईडीचा दुसरा गुण आणखी मोलाचा. बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाच्या पाचव्या हिश्शात सव्वातीन मीटरहून जास्त पुढे येते, म्हणजे दीडेक मोटारसायकलची लांबी. तेवढ्यावर पुष्कळदा 'थोडक्यात वाचलो' आणि 'ठोकले' यांतला फरक ठरतो.

मग जादा दिवा कसा असावा? माझे उत्तर टॅक्सींच्या त्या प्रयोगातूनच येते. त्याची वायर ब्रेकच्या वायरला जोडावी, टेललाइटच्या नव्हे. म्हणजे तो एरवी अंधारा राहील आणि लागेल तेव्हा एकच अर्थ सांगेल. तो मूळ दिव्यापासून दूर आणि शक्य तितका उंच असावा. पेटी असेल तर पेटीच्या वरच्या कडेला. दोन दिवे लावायचे तर एकमेकांपासून जमेल तेवढे लांब लावावेत, म्हणजे मागच्याला अंतराचा अंदाज येईल. तो लाल असावा आणि त्याने इंडिकेटर किंवा नंबरप्लेट झाकू नये. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत. तेव्हा कापाकापी न करता, मूळचा दिवा आहे तसा ठेवूनच हे काम करावे, आणि आधी आपल्या आरटीओत विचारून घ्यावे. पुढच्या ब्रेकनेही दिवा लागतो ना, हे पाहिल्याशिवाय तर नवा दिवा घेऊच नये. मुका खटका दहा दिव्यांना मुके करतो.

बाजारात मात्र याच्या उलट माल जास्त खपतो. निळे-लाल आळीपाळीने चमकणारे, पांढरे झगझगीत, रात्रभर लुकलुकणारे पट्टे. मागच्या बाजूला लाल सोडून दुसऱ्या रंगाचा उजेड, इंडिकेटर आणि नंबरप्लेट यांसारखे अपवाद वगळता, नियमातही बसत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्यात मोठा तोटा आहे. लाल म्हणजे थांबणे, पिवळा लुकलुकणारा म्हणजे वळणे, ही रस्त्यावरची सगळ्यांची मिळून एक बोली आहे. ती न शिकलेल्यालाही समजते, परप्रांतातल्या ट्रकवाल्यालाही समजते. प्रत्येकाने आपापला शब्द काढला तर ओरडा वाढेल, अर्थ कळणार नाही. आणि चार दिवसांत डोळ्यांना त्याचीही सवय होईल, हे तर ४.३ च्या आकड्याने दाखवून दिलेलेच आहे.

लुकलुकण्याला माझा सरसकट विरोध नाही. व्होएवोडस्कींचा मूळ दिवा लुकलुकणाराच होता. कायद्याने त्यांची मधली जागा घेतली आणि लुकलुकणे सोडून दिले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत ते वेगळ्या रूपाने परत आले. जोराचा, आणीबाणीचा ब्रेक लागला तरच दिवे भराभर लुकलुकतात, साध्या ब्रेकला नाही. काही मोटारींत आणि परदेशी बनावटीच्या मोटारसायकलींतही आता ही सोय असते. इथे लुकलुकण्याला स्वतःचा अर्थ आहे: 'मी अचानक थांबतो आहे.' तो क्वचित उच्चारला जातो, म्हणूनच ऐकला जातो.

नव्या काळाने एक नवा प्रश्नही उभा केला आहे. पूर्वी मूठ सोडली की इंजिनच्या ओढीने वेग थोडासा उतरे. आता काही विजेच्या स्कूटरांत मूठ सोडताच मोटार उलटे काम करून बॅटरी भरू लागते आणि ब्रेकला हात न लावता गाडी चांगलीच मंदावते. मग दिवा ब्रेकचे ऐकेल की वेगाचे? मोटारींसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमाने याचे उत्तर दिले आहे. विजेच्या अशा ब्रेकने वेग दर सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदाहून अधिक उतरत असेल तर दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे दिव्याने चालकाचा पाय कुठे आहे याच्याकडे नव्हे, तर गाडी काय करते आहे याच्याकडे पाहावे. सॅन फ्रान्सिस्कोतला तो पिवळा दिवा वेगाचा उतार सांगत असे. पन्नास वर्षांनी गाडी त्याच वाटेने निघाली आहे. नवी स्कूटर घेणाऱ्याने दुकानात किंमत आणि रेंज विचारताना हेही विचारावे की, मूठ सोडल्यावर मागचा दिवा लागतो का?

या सगळ्यात पैसे खर्च करणारा पुढचा आणि त्याचा उपयोग करून घेणारा मागचा, अशी वाटणी आहे. म्हणूनच बहुधा हे काम मागे पडत जाते. पण धडक बसते तेव्हा ही वाटणी उरत नाही. तेव्हा दुचाकीवरच्या माणसाला मागे ना पत्रा असतो ना बंपर. फक्त तो दिवा असतो.

तो पाहायला मेकॅनिक लागत नाही. संध्याकाळी गाडी घराच्या भिंतीकडे पाठ करून उभी करा. आधी पायाचा ब्रेक दाबा, मग हाताचा. भिंतीवर लाल उजेड दोन्ही वेळा स्पष्ट वाढला पाहिजे. आता टेललाइट चालू करून पुन्हा तेच करा. फरक ओळखायला तुम्हाला डोळे बारीक करावे लागत असतील, तर पावसात, घाईत, दमलेल्या डोळ्यांनी मागून येणाऱ्याला तो ओळखू येणार नाही. काच फडक्याने पुसा, बल्ब बदला, आणि मग खुशाल एक जादा दिवा लावा.